भरती-ओहोटीचा पंचनामा

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर किन्हीराजा हे गाव आहे. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या पलीकडे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या मुलखात पाण्याचा हिशेब विहिरीच्या हातांत आणि बोअरच्या फुटांत होतो. भरती किती वाजता लागली हे विचारण्याचे कुणाला कारण पडत नाही. तरीही इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या, दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत बहराला आलेल्या रहस्यकादंबऱ्यांचा खरा अधिकारी वाचक कोण, असे विचारले तर मी अशाच गावातल्या वाचकाकडे बोट दाखवीन. शहरातल्या वाचकाला त्या कादंबऱ्यांत सुट्टीचे ठिकाण दिसते किंवा सोडवायचे कोडे दिसते. गावातल्या वाचकाला त्यांत रोजच्या ओळखीची एक गोष्ट दिसू शकते. माणूस मेला की तो कसा मेला हे चार घरांच्या आत, चहा उकळेपर्यंत ठरून जाते, आणि एकदा ठरलेले मोडून काढायला विलक्षण चिकाटी लागते. या कादंबऱ्यांचे मोल खुनी कोण निघाला यापेक्षा या चिकाटीत जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे. समुद्र त्या चिकाटीला मदत करतो, आणि तो कशी मदत करतो हे समजून घेतले तर समुद्र नसलेल्या गावालाही त्यातून पुष्कळ घेता येते.

उदाहरणासाठी जॉन ब्यूडची ‘द कॉर्निश कोस्ट मर्डर’ घेऊ. लेखकाचे खरे नाव अर्नेस्ट एल्मोर. कादंबरी १९३५ साली निघाली, पुढे विस्मरणात गेली आणि २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने आपल्या जुन्या रहस्यकथांच्या मालेत पुन्हा छापली. कॉर्नवॉलच्या कड्यावरचे बॉस्कॉवेन हे कल्पित गाव, तिथले पाद्री डॉड आणि त्यांचे स्नेही डॉक्टर पेंड्रिल. या दोघांचा शिरस्ता असा की सोमवारी संध्याकाळी एकत्र जेवायचे आणि वाचनालयाकडून आलेली रहस्यकथांची पेटी उघडून पुस्तके वाटून घ्यायची. ती पेटी उघडलेली असतानाच, बाहेर वादळ चालू असताना, गावातले बडे प्रस्थ ज्युलियस ट्रेगार्थन याला खिडकीच्या काचेतून गोळी लागल्याची बातमी येते. म्हणजे शोधाला निघणारा माणूस आधी वाचक आहे, आणि तोही आडगावचा, पेटीतून येणाऱ्या पुस्तकांवर जगणारा. त्या काळातल्या ब्रिटनमध्ये हे अगदी खरे चित्र होते. बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या दुकानांतून वर्गणीचे वाचनालय चालत होते, गल्लीबोळांत दोन पेनीला पुस्तक भाड्याने मिळत होते, आणि १९३५ सालीच पेंग्विनने सहा पेन्सांना विकलेल्या पहिल्या दहा पुस्तकांत अॅगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स या दोघींच्या रहस्यकथा होत्या. आपल्याकडचा वाचक या चित्राला परका नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालये उभी राहिली, त्यांतली बहुसंख्य छोट्या गावांत. दिवाळी अंक तर मुख्यतः याच वाचनालयांतून हातोहात फिरतात. जी कथा मुळात लांबच्या वाचनालयातून येणाऱ्या पुस्तकांच्या भरवशावर वाढली, ती लांबच्या वाचकाची नव्हे असे म्हणणे मला पटत नाही.

आता समुद्राकडे येऊ. किनाऱ्यावरच्या रहस्यकथेत समुद्राचे पहिले काम हद्द आखण्याचे असते. ख्रिस्तीचा जन्म १८९० साली डेव्हनमधल्या टॉर्की या बंदरगावातला. तिथून फार लांब नसलेले बर्ग आयलंड भरतीला बेट होते आणि ओहोटीला वाळूवरून चालत गाठता येते. त्यावर १९२९ साली एक झगझगीत हॉटेल उघडले. हे बेट ‘अँड देन देअर वेअर नन’ (१९३९) आणि ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) या दोन कादंबऱ्यांच्या मागे आहे. आपल्या डोळ्यांपुढे हे चित्र आणायला त्रास नाही. मुंबईच्या हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते हे शाळेच्या सहलीला गेलेल्या पोरांनाही ठाऊक असते. पाणी चढले की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न मिटतो. संशय येईल तर आतल्यांवरच. गावाचेही नेमके असेच असते. वऱ्हाडातल्या गावाला पाण्याची भिंत नाही, पण ओळखीची भिंत आहे. परका माणूस बसथांब्यावर उतरला की तो कुणाकडे आला हे थोड्याच वेळात कळते, म्हणून गावात काही घडले की ते आतल्याच कुणीतरी केले हे सगळ्यांना मनातून माहीत असते, आणि तेच बोलायला जड जाते. ‘कुणीतरी बाहेरचा’ हे उत्तर सर्वांच्या सोयीचे असते. किनाऱ्यावरची कादंबरी ही सोय पहिल्या पन्नास पानांत काढून घेते.

समुद्राचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे. तो साक्षीदार असतो आणि कुणाचा मिंधा नसतो. भरती साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी येते, दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा; अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती. हे वेळापत्रक वर्षभर आधी छापून ठेवता येते. माणूस म्हणतो मी चारला त्या खडकाजवळून चालत गेलो. तक्ता म्हणतो चारला तिथे कमरेइतके पाणी होते. सेयर्सच्या ‘हॅव हिज कारकस’ (१९३२) या कादंबरीचा सारा पाया याच ताणावर आहे. हॅरिएट व्हेन ही रहस्यकथालेखिका इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पायी भटकताना एका सपाट खडकावर गळा चिरलेला तरुण पाहते. रक्त अजून ओले आहे. पाणी चढत आहे. फोन कित्येक मैल दूर आहे आणि प्रेत थोड्या वेळात वाहून जाणार आहे. ती घाबरते, आणि तरीही छायाचित्रे काढते, वस्तरा उचलते, वाळूवर कुणाची पावले आहेत ते पाहून ठेवते. पुढे चौकशीच्या वेळी ज्यूरी आत्महत्या असा निर्णय देते. मेलेला हॉटेलात पैसे घेऊन नाचणारा परदेशी तरुण. त्याने जीव दिला असेल यात कुणाला नवल वाटत नाही, कुणाला ते तपासायची निकडही नाही. कादंबरीची उरलेली शेकडो पाने त्या निर्णयाशी भांडण्यात जातात. हे भांडण मला या साहित्यप्रकाराचा आत्मा वाटते. ज्याच्या मरणाची कुणाला पडलेली नाही त्याच्यासाठी भरतीचे तक्ते, घोड्याच्या नालांच्या खुणा, सांकेतिक पत्रे असे एक एक करून सगळे उलगडले जाते.

इथे कायद्याचा थोडा तपशील लागेल. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची जाहीर चौकशी कॉरोनर करतो. त्या काळी गावातली माणसे ज्यूरी म्हणून बसत, गावच्या शाळेत किंवा खाणावळीत बैठक भरे, आणि १९७७ पर्यंत ती ज्यूरी खुनी म्हणून एखाद्याचे नावही घेऊ शकत असे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याखाली हे पद मुंबई आणि कलकत्ता शहरांत चालले, मुंबईत ते १९९९ पर्यंत टिकले. बाकी मुलखाला मिळाला पंचनामा. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४: पोलिसाने जागेवर जायचे, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष प्रेत पाहायचे, जखमा, मोडलेली हाडे, वळ यांचे वर्णन करायचे आणि मृत्यूचे दिसते ते कारण लिहायचे. विदर्भात याला मर्ग दाखल होणे म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या पेद्दा नारायण खटल्यात सांगितले की या टप्प्यावरचे काम एवढेच आहे. कुणी मारले, कसे मारले हा तपशील मरणोत्तर पंचनाम्यात यायलाच हवा असे नाही. कायद्याच्या दृष्टीने हे ठीकच. पण व्यवहारात पुष्कळ मर्ग या दिसत्या कारणापाशीच थांबतात. आणि दिसते कारण ठरवणारे पंच गावातलेच असतात. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायचे असते, त्याच सोसायटीत कर्ज मागायचे असते, मेलेल्याच्या भावाच्या बांधाला त्यांचा बांध असतो. कागदावर सही करणारा पंच आणि कादंबरीतला पाद्री डॉड एकाच जागी उभे आहेत. दोघांनाही सगळे ठाऊक आहेत, आणि दोघांच्याही ओळखी तपासाला मदत करतात तितकीच अडचण करतात. फरक असा की डॉड आपल्या ओळखीला पुराव्यापुढे उभे करतो, काचेवरची भोके आणि पायवाटेवरचा चिखल यांच्याशी ती जुळते का ते पाहतो.

किन्हीराजाच्या परिसरात कडा नाही, पण विहीर आहे. पाय घसरून विहिरीत पडली हे वाक्य महाराष्ट्राच्या गावोगावच्या कागदांत इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते वाचताना डोळा अडखळत नाही. इंग्रजी किनाऱ्यावर धुक्यात कड्यावरून तोल गेला हे वाक्य तसेच आहे, आणि तिथला कादंबरीकार याच वाक्यापाशी थांबून विचारतो: धुके होते तर ती तिकडे गेली कशाला? आपल्या कायद्याने हा प्रश्न विचारायला १९८३ साल उजाडू दिले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने लग्नाला सात वर्षे झालेली नसताना स्त्रीने जीव दिला किंवा संशयास्पद स्थितीत ती मेली तर शवविच्छेदन सक्तीचे झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीचा स्वतंत्र गुन्हा आला आणि त्यात सासरच्यांनीच उत्तर द्यावे असे गृहीतक आले. कायद्याने इथे घरच्यांचा शब्द जसाच्या तसा घ्यायचे नाकारले. हे रहस्यकथेचेच तत्त्व आहे. ते उशिरा आले, हजारो मुलींनंतर आले, आणि ते स्त्रियांच्या चळवळीने रस्त्यावर उतरून आणले, कादंबऱ्यांनी नव्हे. पण ज्या समाजात वाचणारी माणसे आधीपासून दिसत्या कारणावर अविश्वास ठेवायला शिकलेली असतात, तिथे असा कायदा राबवणारा पंच मिळण्याची शक्यता वाढते, एवढे म्हणायला मी कचरणार नाही.

‘ईव्हिल अंडर द सन’मध्ये या मुद्द्याची आणखी बारीक बाजू आहे. बेटावरच्या हॉटेलात एक देखणी नटी येते, आर्लेना. किनाऱ्यावर बसलेल्या प्रत्येकाने तिच्याविषयी आधीच निकाल दिला आहे: ही घरे मोडणारी बाई, पुरुषांना नादी लावणारी. ती मेल्यावर तपास त्याच निकालाच्या रुळावरून धावू लागतो. शेवट न सांगताही इतके सांगता येते की गुप्तहेर पॉयरोला सत्य सापडते ते तिच्याकडे उलट्या बाजूने पाहिल्यावर. सगळे जिला शिकारी समजत होते ती सहज फसणारी, आधीच सावज झालेली बाई होती. बाईच्या चारित्र्याविषयीची चर्चा ही खोट्या पुराव्याची सर्वांत जुनी जात आहे. आपल्याकडे विहिरीच्या काठावर पंच जमतात तेव्हा ‘तिचे वागणे जरा तसेच होते’ असे कुणीतरी हळूच म्हणते, आणि त्या क्षणी चौकशीचे तोंड फिरते. ख्रिस्तीने या कुजबुजीला पुरावा न मानता खुन्याचे साधन मानले. खुन्याला ठाऊक होते की लोक काय बोलतील, आणि त्याने त्यांच्या बोलण्याचाच आडोसा घेतला.

कॉनन डॉइलच्या दोन किनारी कथांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण त्या आपल्या मुलखाच्या दुसऱ्या एका दुखण्यावर बोट ठेवतात. ‘द डेव्हिल्स फूट’ (१९१०) कॉर्नवॉलमध्ये घडते: एका रात्रीत बहीण मेलेली, दोन भाऊ वेडे झालेले, चेहऱ्यांवर भय गोठलेले. गाव म्हणते सैतान. होम्स सांगतो की सैतानाचा विचार आपल्या कामाबाहेरचा, आधी दिव्याची काजळी पाहू. ‘द लायन्स मेन’ (१९२६) ससेक्सच्या किनाऱ्यावरची. निवृत्त होम्स तिथे मधमाश्या पाळतो. आंघोळीला गेलेला एक तरुण मास्तर पाठीवर फटक्यांचे वळ घेऊन मरतो. संशय कुणावर? जो आधीपासून तिरसट, एकलकोंडा, कुणात न मिसळणारा आहे त्याच्यावर. इथे शेवट सांगणे भाग आहे: मारणारा माणूस नव्हताच, समुद्रात वाहत आलेला एक विषारी जेलीफिश होता, आणि होम्सला ते कळते एका जुन्या पुस्तकाच्या आठवणीवरून. नावडत्या माणसावर आलेला आळ एका वाचलेल्या पानाने उतरतो. अनाकलनीय मरणानंतर करणीचा, भानामतीचा संशय घेऊन एखाद्या एकट्या म्हातारीला झोडपण्याच्या घटना ज्या राज्याने पाहिल्या, आणि ज्याला २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे ही छोटी कथा शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती. मराठी साहित्याने आपल्या किनाऱ्याचे मात्र वेगळे केले. कोकण आपण भुतांना दिले. पडकी घरे, पिंपळ, अमावास्येची खाडी असा मोठा भयकथांचा साठा तिथे उभा राहिला, आणि त्यातल्या चांगल्या कथांबद्दल मला आदर आहे. पण भूत आले की चौकशी संपते. मेलेल्याचे काय झाले हे विचारायला मग कुणी उरत नाही.

आणि गंमत अशी की मराठी रहस्यकथेचा सर्वांत लोकप्रिय लेखक नावानेच किनाऱ्याचा आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी वसईजवळच्या अर्नाळ्यावरून बाबुराव अर्नाळकर हे नाव घेतले आणि हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे वाचनालयांच्या कपाटांतून फाटेपर्यंत फिरली. मराठी माणसाला वाचायची सवय लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि समीक्षेने तो पुरता मान्य केलेला नाही. पण त्यांचे जग मुंबईचे: मोटारी, पिस्तुले, वेषांतर, टोळ्या. गाव आले ते ग्रामीण कथेत, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्याकडे, जिथे माणसे हसतात, दुष्काळ सोसतात, मरतातही, पण त्यांच्या मरणाचा छडा लावायला कुणी बसत नाही. अशी वाटणी होऊन बसल्यामुळे बंदिस्त गाव, मोजके संशयित, सावकाश चालणारी विचारपूस हा प्रकार मराठीत जवळजवळ रुजलाच नाही. तो आला अनुवादातून. नट-नाटककार मधुकर तोरडमल यांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, भालबा केळकरांनी होम्स आणला, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी रहस्यकथेला दरवर्षी हक्काची जागा दिली. आणि इंग्रजी न वाचणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ख्रिस्तीचे बेट पोचले ते राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’ या १९६५ च्या हिंदी चित्रपटातून, मूळ लेखिकेचे नाव न घेता.

या साऱ्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. अमेरिकी रहस्यलेखक रेमंड चँडलरने १९४४ साली लिहिले त्याचा आशय असा की या ब्रिटिश कथांतले खून कुणी करत नाही आणि असे कुणी मरतही नाही. पुढच्या वर्षी समीक्षक एडमंड विल्सनने विचारले की त्यातला खुनी कोण याची फिकीर कुणी का करावी. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन स्वतः व्यसनी म्हणावा असा वाचक, पण त्यानेही १९४८ च्या निबंधात या कथांचे सुख कल्पनाविलासाचे ठरवले: निष्पाप बागेत एक पापी शिरतो, त्याला हुडकून काढले की बाग पुन्हा स्वच्छ. त्याशिवाय या पुस्तकांत वर्गाचा तोरा आहे, परदेशी आणि ज्यू माणसांविषयी ओंगळ शेरे आहेत. ‘अँड देन देअर वेअर नन’ ब्रिटनमध्ये ज्या नावाने निघाली ते कृष्णवर्णीयांचा उघड अपमान करणारे होते. अमेरिकेत ते लगेच बदलले, ब्रिटनमध्ये दशकानुदशके तसेच राहिले. नोकराणीची साक्ष घेताना लेखकाचा ओठ मुडपलेला जाणवतो. हे सगळे मी मान्य करतो, आणि गावातल्या वाचकाने ते खुशाल रागाने वाचावे. तरीही त्या नोकराणीची साक्ष घेतली जाते, ही गोष्ट उरते. तिने पाहिलेली पेटलेली बत्ती, होडीवाल्याला आठवणारी भरती, मोलकरणीने धुतलेल्या कपड्यावरचा डाग यांशिवाय जमीनदाराचा खून सुटत नाही. लेखकाला त्या माणसांविषयी आदर नसला तरी त्याच्या कथानकाला तो द्यावा लागतो. कथेची घडण लेखकाच्या पूर्वग्रहापेक्षा न्यायी निघते, असे फार थोड्या साहित्यप्रकारांत घडते.

दुसरा आक्षेप गावाकडून येईल आणि तो मला अधिक जिव्हारी लागतो. गावात खून होतो तो बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, जातीबाहेरच्या प्रेमावरून, आणि तो कुणी केला हे सगळ्यांना पहिल्या दिवशी ठाऊक असते. तिथे कोडे कसले? अडचण कळण्याची नसून सिद्ध करण्याची आहे. साक्षीदार उभा राहत नाही, पंच फितूर होतो, फिर्यादीवर दबाव येतो. हे खरे आहे. भोतमांगे कुटुंबाची २००६ मध्ये खैरलांजीत हत्या झाली तेव्हा मारणारे कोण हे गावाला कोड्यात टाकणारे नव्हते. पण याच ठिकाणी किनाऱ्यावरच्या कथेचा एक नियम आठवावा. तिथे सर्वांना सारखेच प्रश्न विचारले जातात. मृताची पुतणी, निवृत्त कर्नल, पाद्री, डॉक्टर, माळी, सगळ्यांनी त्या वेळी आपण कुठे होतो ते सांगायचे असते, आणि मोठ्या घरच्या माणसाने प्रश्नाचा अपमान मानला तर वाचकाला तो संशयास्पद वाटू लागतो. १९३५ चे कॉर्नवॉल समतेचे गाव नव्हते. प्रत्यक्षात तिथल्या बड्यांना असे प्रश्न किती विचारले जात, याविषयी मला शंका आहे. कादंबरीने तरी ते विचारले. आपल्या गावात पाटलाच्या वाड्यात जाऊन ‘काल रात्री तुम्ही कुठे होता’ हे विचारणे किती जणांना सुचते, आणि मजुराच्या झोपडीत तेच विचारणे किती सहज होते, हा फरक ज्याला वाचून टोचू लागेल तो वाचक मला हवा आहे.

संशयाची सवय लागली तर गाव आणखी विषारी होईल, अशीही भीती कुणाला वाटेल. गावात संशय कमी आहे का, की तो पुस्तकांतून आणावा? तो आहेच, त्याला शिस्त नाही. रहस्यकथेचे गणित नीट पाहिले तर दहा संशयितांपैकी नऊ निर्दोष ठरतात. पुस्तकाचा बहुतेक भाग कुणाला पकडण्यात जात नाही, सोडवण्यात जातो: हिचे खोटे बोलणे लाजेपोटी होते, त्याचे पळून जाणे कर्जापोटी होते, त्या तिसऱ्याचे चिखलातले पाऊल खुनाच्या आधीचे होते. पहिला संशय जवळजवळ नेहमीच चुकतो हे इतक्या वेळा, इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगणारे दुसरे साहित्य मला माहीत नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा फाशी होती, खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित झाली. चुकीच्या माणसावर बोट ठेवणे म्हणजे त्याचा जीव घेणे होते, आणि चांगले लेखक ते विसरत नाहीत.

वाशिमच्या संदर्भात एक गोष्ट अजून बोलायची राहते, आणि ती बोलायला शब्द जपून वापरावे लागतात. शेतकरी आत्महत्यांमुळे जाहीर झालेल्या २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत वाशिम होता. शेतकऱ्याने जीव दिला तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळावेत म्हणून जी चौकशी होते तिचे निकष ठरलेले आहेत: बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते का, ते थकले होते का, वसुलीचा तगादा होता का. त्यावरून प्रकरण पात्र किंवा अपात्र. सरकारी पैशाला नियम लागतात, हे मी समजतो. पण इथेही प्रश्न आधीच आखलेला आहे आणि जे त्यात बसत नाही ते दिसतच नाही: नावावर जमीन नसलेली बाई, बिनपरवान्याचा सावकार, तिसऱ्यांदा केलेली पेरणी, मुलीचे लग्न. गाव फार लवकर उत्तर देते. कागद फार थोडे विचारतो. सेयर्सच्या कादंबरीत आत्महत्येचा शिक्का बसल्यावरही एका माणसाच्या शेवटच्या काही आठवड्यांचा दिवसामागून दिवस माग काढला जातो: त्याला कुणाची पत्रे येत होती, त्याने पैशांचे सोने का केले, त्याला आशा कुणी दाखवली. मरण कुठल्याही प्रकारचे असो, इतका लांब हिशेब प्रत्येकाला मिळायला हवा. मृत्यू अपघाती ठरला की खुनाचा की आत्महत्येचा, यावर आज शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख, कर्जाचा निकाल, वारसांचे भांडण असे सगळे अवलंबून असते. तेव्हा पंचनाम्यातली एक ओळ गाळली गेली तर तिची किंमत कुणीतरी वर्षानुवर्षे मोजत राहते.

राहता राहिला प्रश्न भरतीच्या तक्त्याचा. समुद्र नसलेल्या गावात कुणाचा मिंधा नसलेला साक्षीदार कोणता? शोधले तर सापडतात. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री; ते वेळापत्रक महावितरणचे असते, गावातल्या कुणाच्या शब्दावर हलत नाही. रात्री मोटार लावायला गेला म्हणणारा माणूस त्या रात्री वीज होती का या प्रश्नातून सुटत नाही. मंडळातल्या पर्जन्यमापकावर त्या दिवशीचा पाऊस नोंदलेला असतो, आणि काळ्या मातीत पावसानंतर उमटलेले पाऊल कॉर्नवॉलच्या कड्यावरच्यापेक्षा जास्त दिवस टिकते. सातबाऱ्यावर कोणता फेरफार कधी पडला, मोबाईल कोणत्या टॉवरखाली होता, शेवटची एसटी त्या दिवशी आली की रद्द झाली, हे सगळे तपासता येते. यांतले बरेचसे पोलिसांच्या अधिकारातले आहे. पण विहिरीवर बोलावलेल्या पंचाने सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. पाणी किती हात होते, बादली-दोर काठावर होता की घरात, चपला कोणत्या बाजूला तोंड करून होत्या, आदल्या रात्री वीज कोणत्या पाळीची होती, आणि ती पाय घसरून पडली असे सर्वांत आधी ज्याने सांगितले, त्याला ते कसे कळले.